गाळलेल्या पाट्या

आमचा रविवारचा हॉल विकायला काढला तेव्हा कपाट रिकामं करायला मला बोलावणं आलं, कारण त्या कपाटाची किल्ली बारा वर्षांपूर्वी माझ्या ताब्यात दिली होती. ती मी त्याच आठवड्यात हरवली होती. "किल्ली घरी राहिली" एवढ्या एका वाक्यावर मी बारा वर्षं काढली. शेवटी एका धिप्पाड माणसानं पहार लावली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू दार मीच मुद्दाम गंजवलं होतं.

आतून वास आला. आधी मेणबत्त्यांचा, मग उदबत्तीच्या जुन्या पुड्यांचा, आणि तळाशी साचलेला, बुरशी धरलेल्या लोणच्यासारखा आंबूस. तो एका पत्र्याच्या गोल डब्यातून येत होता. जुनी फिल्म म्हणे अशीच सडते, स्वतःच्याच आंबटपणात. डबा मी उघडला नाही. बाहेर जानेवारीचा उजेड साडेतीनलाच विझायला लागला होता, आणि चाळिशीला टेकलेला, दोन मुलांचा बाप असलेला मी त्या डब्यावर हात ठेवून उभा होतो. मानेवरचे केस ताठ झाले होते.

बर्मिंगहॅमचे ते रविवार मला आधी नाकानं आठवतात. पॅराफिनचा, म्हणजे आपल्या रॉकेलचा हीटर, त्याच्याभोवती खुर्च्यांवर वाळत टाकलेले ओले कोट, लोकरीचा आणि फोडणीचा मिळून झालेला एक तिसराच वास. पांढऱ्या साड्यांवर तपकिरी अनोरॅक, ती टोपीची जाड जाकिटं, घातलेल्या बाया "जय भीम" म्हणत आत यायच्या आणि दारातच बूट झटकायच्या. फाउंड्रीतले, बस गॅरेजातले, हॉस्पिटलातले लोक. आधी त्रिशरण, पंचशील, सगळ्यांचे आवाज थंडीनं जरा घोगरे. मग बंबाएवढ्या भांड्यातला चहा आणि पोहे. आणि मग, त्या एका हिवाळ्यात, सिनेमा.

सिनेमा आणला हॉलच्या केअरटेकरनं. फ्रँक नावाचा आयरिश म्हातारा होता. त्याच्याकडे एक प्रोजेक्टर होता आणि एकच रीळ होतं. पहिल्या महायुद्धाच्याही आधीचा मुका सिनेमा, गुंडांचा आणि गरीब वस्तीचा. मुका आहे म्हणजे तुमच्या लोकांना भाषेची अडचण नाही, असं त्याचं म्हणणं होतं. मुक्या सिनेमात मधूनमधून लिहिलेल्या पाट्या येतात हे त्याच्या ध्यानात नव्हतं. त्या पाट्या इतक्या पुसट झाल्या होत्या की दुसऱ्या रांगेपासून मागं कोणालाच वाचता येत नसत, आणि निम्म्या लोकांना तर पहिल्या रांगेतूनही वाचता आल्या नसत्या. तेव्हा कोणीतरी पडद्याशी उभं राहून त्या मराठीत वाचाव्या असं ठरलं. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, एका इंजिनीअरिंग कंपनीत ड्रॉइंग काढणारा, आणि माझं इंग्रजी किती चांगलं आहे हे मी चहाच्या रांगेत सगळ्यांना सांगून ठेवलेलं. मला "पाटीवाले" असं नाव पडलं.

सिनेमा वीसेक मिनिटांचा. एक अरुंद गल्ली, वर दोऱ्यांवर कपडे, पायऱ्यांवर मळकी पोरं. एक बाई पाठीवर धुण्याचं गाठोडं घेऊन रोज त्या गल्लीतून जाते. कोपऱ्यावर टोप्या खाली ओढलेले तिघं उभे असतात. त्यातला मधला, म्होरक्या, सारखा अंगठ्याचं नख दातानं कुरतडतो. मग एक जागा येते, जिथं हे तिघं चालायला लागतात आणि त्यांच्या पुढंपुढं गल्लीतली एकेक खिडकी बंद होत जाते. डावीकडची, उजवीकडची, पुन्हा डावीकडची. आवाज काहीच नाही, फक्त मशीनची टकटक. पण हॉलमधल्या प्रत्येकाला त्या झडपा आपटताना ऐकू यायच्या. मला अजून येतात.

पहिल्यांदा मी पाट्या जशाच्या तशा वाचल्या. अर्धा हॉल झोपला. एक आजोबा घोरले. माझ्यासारख्या माणसाला हे सहन होण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या वेळी मी कंटाळवाण्या पाट्या गाळल्या आणि त्या जागी माझं घातलं. एकट्यादुकट्या माणसाला हे तिघं कसे गाठतात ते सांगितलं. म्होरक्या नख कुरतडतो ते आदल्या दिवशीचं रक्त काढायला, असं सांगितलं. झोपलेले आजोबा उठून बसले. तिसऱ्या वेळेपर्यंत मी इतका पोचलो होतो की ती गल्ली न्यूयॉर्कची की कुठली हे कोणालाच माहीत नसताना मी ती थेट आमच्या फाउंड्रीच्या मागं आणून ठेवली, आणि बाईच्या गाठोड्यात एक मुंडकं घातलं.

त्या तिसऱ्या वेळी मागच्या रांगेत सुजाता बसली होती. माझी बायको. नागपूरहून येऊन तिला तीन आठवडे झाले होते.

सुजाता शिकलेली नर्स होती, भोळी मुळीच नव्हती. पण या देशाबद्दल तिला जे काही माहीत होतं ते फक्त माझ्या तोंडून. मी सांगितलं होतं की गॅसच्या मीटरमध्ये नाणं टाकलं की शेगडी पेटते, तर ती हसली होती, पेटली. मी सांगितलं होतं की दूधवाला दारात बाटल्या ठेवून जातो आणि कोणी उचलून नेत नाही. "काहून नाही नेत?" म्हणून तिनं दोन दिवस पडद्याआडून पाळत ठेवली, कोणी नेल्या नाहीत. थोडक्यात, मी जितकं अशक्य सांगेन तितकं ते खरं निघतं, हे तिनं स्वतः तपासून पाहिलं होतं. हॉलमधले लोक मुंडक्याला हसले तेव्हा तिला वाटलं, या लोकांना आता सवय झाली असेल.

घरी जाताना चार वाजले होते आणि दिवे लागले होते. ओल्या रस्त्यावर त्यांचे नारिंगी डाग पडलेले. आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर एक बंद पडलेलं मटणाचं दुकान होतं, त्याच्या शटरला टेकून तिघं पोरं उभी असत. डोकी भादरलेली, पायांत जाड बूट. ती रोजच असत. कधी आमच्याकडे बघून थुंकत, कधी माकडाचे आवाज काढत, कधी काहीच करत नसत, आणि ते काहीच न करणं सगळ्यात वाईट. सुजाताची पावलं हळू झाली.

"हे तेच आहेत का?" तिनं विचारलं.

इथं मी गप्प बसलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

"ते कसे असतील? ते मेले," मी म्हणालो. "हे त्यांचे नातू."

तिची पाच नखं माझ्या कोटातून, स्वेटरमधून, थर्मलमधून आत रुतली. लग्नाला चार महिने झाले होते, त्यातले तीन मी इकडे आणि ती तिकडे. भर रस्त्यात बायकोनं असा दंड धरावा, यासाठी मी ते मुंडकं आणखी दोनदा कापलं असतं. लिहायला लाज वाटते, पण मला फार बरं वाटलं.

मग घरात हिवाळा आला. बाहेर होताच, तो आत आला. सुजाता दाराला कडी घालायची, कडीच्या खाली खुर्ची लावायची आणि खुर्चीवर तांदळाची पिशवी ठेवायची. मी कामावरून परतलो की आधी पिशवी उतरल्याचा धप्प आवाज, मग खुर्चीचे पाय घासल्याचा, मग कडीचा. दुधाच्या बाटल्या संध्याकाळपर्यंत दारात तशाच. दूध गोठून वर आलेलं, चंदेरी झाकण डोक्यावर घेऊन उभं, आणि चिमण्यांनी त्याला भोकं पाडलेली. घरात दिवसभर दिवा नाही, कारण दिवा लावला की बाहेरच्यांना आपण दिसतो. जाळीच्या पडद्याला तिच्या कपाळाचा तेलकट डाग पडला होता. तिथं टेकून ती कोपऱ्याकडे पाहत बसायची. त्या डागाच्या उंचीवरून आजही मला तिची त्या दिवसांतली उंची सांगता येईल. ती जरा वाकलेली होती.

हॉस्पिटलातून मुलाखतीचं पत्र आलं होतं. चालत वीस मिनिटांवर. याच पत्राच्या आशेवर ती आली होती. मी कारणांच्या यादीत दुसरा होतो, हे तिनं मला लग्नाआधीच सांगितलं होतं. त्या दिवशी ती गेली नाही. फोनवर ताप आहे म्हणून सांगितलं. दुसरं पत्र आलं, पुढच्या गुरुवारचं, आणि त्यात सौम्य इंग्रजीत लिहिलं होतं की या वेळी येणं झालं नाही तर जागा दुसऱ्या कोणाला देण्यात येईल. मी सुट्टी काढून सोबत येतो म्हटलं. ती म्हणाली, आणि रोज? रोज कोण येणार?

त्या रात्री जेवताना ती शांतपणे म्हणाली, "मला नागपूरला पोचवून द्या."

ताटात वरण होतं. ते गार झाल्यावर त्यावर साय धरली, एवढं आठवतं. मग मी सगळं कबूल केलं. मुंडकं खोटं, रक्त खोटं, फाउंड्रीची गल्ली खोटी, नातू खोटे. तुझा हात धरायला मिळावा म्हणून बोललो. इतकं खरं मी आयुष्यात एका दमात कधी बोललो नव्हतो.

तिनं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे फार मायेनं पाहिलं.

"मला धीर देता तुम्ही," ती म्हणाली. "गॅसचं खरं निघालं, दुधाचं खरं निघालं, अन् एवढंच बरं खोटं?"

आता खोटं पटवणारा माणूस मी होतोच. खरं पटवणारा कुठून आणायचा? मी साळवेकाकांकडे गेलो. काका साठीच्या जवळ आलेले, तीस वर्षं फाउंड्रीत भट्टीपुढं काढलेली, चेहऱ्याचा रंग अजून तिथलाच. फाउंड्री वसंतातच बंद झाली होती. युनियनच्या नोटिसा वाचून वाचून त्यांचं इंग्रजी पक्कं झालं होतं, आणि ते एक शब्द इकडचा तिकडं करत नसत. त्यांना मी सगळं सांगितलं. 

"म्हणजे गाठोड्यात मुंडकं नव्हतंच?"

"धुणं होतं, काका."

"मला दिसलं होतं रे," ते म्हणाले. "केसासकट."

येत्या रविवारी पाट्या काकांनी वाचायच्या आणि त्याआधी मी सगळ्यांसमोर उभं राहून काय केलं ते सांगायचं, अशी त्यांची अट होती. रविवारी साळवेकाकूंनी तांदळाची पिशवी स्वतः उतरवली आणि सुजाताला कोटात कोंबून गाडीत बसवलं. कोपरा ओलांडताना तिनं डोळे मिटले होते.

हॉलमध्ये मी उभा राहिलो आणि सांगितलं. लोक हसले. मी आणखी काहीतरी नवं रचतोय असं बहुतेकांना वाटलं. मग दिवे गेले, मशीन टकटकायला लागलं, आणि काका पडद्याशी गेले. त्यांना बोट ठेवून वाचायची सवय. पाटी आली की त्यांच्या बोटाची सावली पडद्यावर भल्यामोठ्या काठीसारखी पडायची आणि अक्षरांवरून सरकायची.

मी गाळलेली पहिली पाटी आली. काकांनी बोट ठेवलं.

"कारखान्याचे दरवाजे बंद," त्यांनी वाचलं. "चौथा महिना."

बोट तिथंच राहिलं. पाटी गेली, चित्र आलं, बाई, गाठोडं, गल्ली, आणि काकांच्या बोटाची सावली तिच्या अंगावर तशीच. कोणीतरी खोकलं. पुढची पाटी शेगडीत कोळसा नसल्याची. त्याच्या पुढची, तिघांनी कामासाठी शहर पालथं घातल्याची. मग ती, जी मी दोन्ही वेळा गाळली होती, कारण तिच्यात काहीच घडत नव्हतं: ज्यांना कोणी दार उघडत नाही ते कोपऱ्यावर उभे राहतात.

आणि मग खिडक्या बंद व्हायला लागल्या.

तिघं पुढं जे करतात ते वाईटच आहे. म्हाताऱ्या दुकानदाराला सुरा लागतो, बाईचं गाठोडं चिखलात जातं. सिनेमा त्यांना माफ करत नाही. पण हॉलमध्ये त्या दिवशी जी भीती पसरली ती सुऱ्याची नव्हती. चहाच्या भांड्याशी बसलेली फाउंड्रीची माणसं, बाराजण तरी, हात मांडीवर ठेवून बसली होती आणि हात हलत नव्हते. पुढच्या महिन्यात गॅरेजात कपातीच्या यादीत कोणाचं नाव निघणार याच्या गप्पा तासाभरापूर्वीच झाल्या होत्या. त्यांची पोरं पुढच्या रांगेत जमिनीवर बसली होती, आणि एक बाप पडद्याकडे न बघता आपल्या मोठ्या पोराच्या मानेकडे बघत होता. माझ्या रक्तानं आणि मुंडक्यानं जे दोन रविवारांत झालं नव्हतं ते काकांच्या एका ओळीनं झालं. हीटर जळत होता आणि सगळ्यांना थंडी वाजत होती.

दिवे लागल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काकूंचा नातू तेवढा माझ्याकडे आला. इथंच जन्मलेला, सात-आठ वर्षांचा.

"अंकल, तुमचा स्टोरी बेटर होता," तो म्हणाला. "हा स्टोरी फक्त सॅड आहे."

डबा कपाटात गेला, किल्ली माझ्या हातात आली, आणि पुन्हा तो सिनेमा कोणी मागितला नाही.

घरी येताना सुजातानं कोपऱ्यावर डोळे मिटले नाहीत. स्वयंपाकघरात कोट न काढताच बसली. तिचे वडील कामाला होते ती नागपुरातली गिरणी बंद पडली होती हे मला माहीत होतं. त्यानंतर तिचे दोघे भाऊ वर्षभर चौकात नुसते उभे असायचे आणि लोक पोरीबाळींना त्या रस्त्यानं पाठवत नसत, हे तिनं मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. त्यातल्या एकानं पुढं काय केलं तेही सांगितलं. ते मी इथं लिहिणार नाही.

"तुम्ही त्या पाट्या गाळल्या नसत्या," ती म्हणाली, "तरी मी घाबरलेच असते. पण ओळखीचं घाबरले असते."

गुरुवारी ती एकटी निघाली. मी येऊ नये असं तिनं बजावलं होतं, म्हणून मी शंभर पावलं मागं राहून गेलो. कोणाला ओळखू येऊ नये म्हणून लोकरीची टोपी भुवयांपर्यंत ओढली होती आणि कॉलर वर केली होती. त्या रस्त्यावर सगळ्यात संशयास्पद माणूस मीच होतो. सकाळचे साडेनऊ, धुकं, कोळशाचा आणि डिझेलचा वास. तिघं शटरला टेकलेले. सुजाता त्यांच्यापर्यंत पोचली. रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जाईल असं मला वाटलं. ती गेली नाही. त्यांच्यासमोरून, हातभर अंतरावरून, पर्स छातीशी धरून चालत गेली. एकजण शटरपासून सुटला आणि तिच्या मागं दोन पावलं आला. काहीतरी बोलला. मधून बस गेली. बस गेल्यावर तिघंही हसत होते आणि सुजाता उभी होती, थांबलेली, त्यांच्याकडे पाहत. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही.  धावत जायचं, हे मला कळत होतं, आणि मी टपालाच्या लाल पिलर बॉक्सच्या आड उभा होतो.

मग ती वळली आणि हॉस्पिटलच्या दिशेनं चालायला लागली, धुक्यात शिरली.

आता तिघांचं लक्ष माझ्याकडे गेलं. मला काहीतरी बोलणं भाग होतं, आणि माझं ते सुप्रसिद्ध इंग्रजी वापरून मी त्यांना किती वाजले ते विचारलं. एकानं माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. तुझ्याइतकेच, असं म्हणाला. मी थँक यू म्हणालो आणि घरी पळालो. पळालो हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही.

ती तीन वाजता आली. नाक लाल, पदराला चिखलाचे शिंतोडे. सोमवारपासून यायला सांगितलं होतं, वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर होता, मेट्रन कडक होती. मी चहा ठेवला. साखर दोनदा घातली.

"ते काय म्हणाले तुला?" मी विचारलं.

तिनं कप दोन्ही हातांत धरला.

"कळलं मला," ती म्हणाली. "अर्थ सांगायला कोणी लागलं नाही."

त्याच वॉर्डची ती आता सिस्टर आहे, म्हणजे तिथल्या सगळ्या नर्सांची प्रमुख. आज संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मी सांगितलं की हॉलचं कपाट उघडलं. काय निघालं, तिनं विचारलं. मेणबत्त्या, मी म्हणालो. कोपऱ्यावरचं ते पोरगं त्या दिवशी काय बोललं हे तिनं मला अजून सांगितलेलं नाही. मी कितीतरी वाक्यं त्या जागी घालून पाहिली आहेत, आणि खरं त्याहून वाईट निघेल या भीतीनं मी तिला पुन्हा कधी विचारलं नाही.